‘डेंजर’ मोठं की ‘पॉयझन’ मोठं?



गेल्या पावसाळ्यात मोताळा तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी आम्हाला विचारलं, “मॅडम, डेंजर मोठं का पॉयझन मोठं?” बचतीचे पैसे जमा झाले होते, वही लिहून व्हायची होती, आभाळ भरून आलं होतं आणि जिला तिला घरी जायची घाई होती. आम्ही म्हटलं, “दोन्ही सारखंच. डब्यावर लाल त्रिकोण दिसला की विष, एवढं ध्यानात ठेवा.” आणि पावतीपुस्तक उघडलं.

पंधरा दिवसांनी, पोळ्याच्या तोंडावर, त्याच गटातल्या दुसऱ्या एक ताई कपाशीच्या वावरात फवारणीचं पाणी कालवत होत्या. नवरा आणि मोठा मुलगा पाठीवर पंप घेऊन फवारत होते, ताई ड्रममधून पंप भरून देत होत्या. ढवळायला काडी सापडेना, म्हणून हातानंच ढवळलं. हाताला निंदणाच्या चिरा होत्याच. दुपारी वारं फिरलं, तुषार अंगावर आले, साडी ओली झाली आणि अंगावरच वाळली. चार वाजता डोकं गरगरायला लागलं, मग मळमळ, मग उलट्या, डोळ्यांपुढे धुकं. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “औषध कोणतं होतं? डबा आणलाय का?” डबा वावरातच राहिला होता. नवऱ्यानं घाबऱ्या घाबऱ्या घरी फोन लावला आणि मुलीला सांगितलं, “माय औषधाचा डब्बा मांगून रायले, लवकर घेऊन ये.” मुलगी धावत घेऊन आली. ती ताईंच्या बीपीच्या गोळ्यांची पेटी होती.

मुलीचं काहीच चुकलं नाही. ‘औषध’ म्हटल्यावर तिनं औषधच आणलं.

ताई चार दिवसांनी घरी आल्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा खाटेवर उठून बसल्या आणि म्हणाल्या, “लाल नोहता वं बाई, निया व्हता त्रिकोन. तुमीच त सांगतलं होतं, लाल असला त विष.”

त्या दिवशी घरी परतताना आम्ही एकमेकींशी फारसं बोललो नाही. नंतर मात्र बसलो, डबे मागवले, कृषी सहायकांना विचारलं, मुलांचे शब्दकोश काढले. काळजीचे, सावधगिरीचे जे इंग्रजी शब्द आपल्या घरात, वावरात, मोबाइलमध्ये येऊन बसले आहेत, त्यांचा माग काढला. आजचं बोलणं त्याबद्दल.

आधी डबा. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर किंवा पुडक्यावर एक चौकोन असतो, एका कोपऱ्यावर उभा केल्यासारखा. पत्त्यांतल्या चौकट पत्त्यासारखा म्हणा. त्याचे दोन त्रिकोण पडतात. खालच्यात रंग, वरच्यात शब्द. आम्ही इतके दिवस फक्त खाली पाहत होतो. हे रंग आणि हे शब्द कंपनीच्या मर्जीचे नाहीत. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली १९७१ साली जे नियम झाले, त्यांत ते ठरवून दिलेले आहेत. लाल रंग असेल तर वर कवटी आणि हाडं, सोबत ‘पॉयझन’. पिवळा असेल तर कवटी नाही, पण शब्द तोच, ‘पॉयझन’. निळा असेल तर ‘डेंजर’. हिरवा असेल तर ‘कॉशन’.

म्हणजे त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर असं होतं: डब्यावर ‘पॉयझन’ मोठं, ‘डेंजर’ त्याच्या खालचं, ‘कॉशन’ सगळ्यात खालचं. आणि विष लाल डब्यात असतं तसं पिवळ्यातही असतं, आणि निळ्याला ‘धोका’ म्हटलंय ते उगाच नाही.

हे रंग ठरतात कसे? प्रयोगशाळेतल्या जनावरांच्या पोटात ते रसायन घालून पाहतात. वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम गेलं की निम्मी जनावरं मरतात, तो आकडा काढतात. १ ते ५० मिलिग्रॅमला मरत असतील तर लाल. ५१ ते ५०० ला पिवळा. ५०१ ते ५००० ला निळा. त्याच्या पुढे हिरवा. आता यात एक गोष्ट आपणच समजून घ्यायची. हा आकडा एकदाच पोटात गेलेल्या मात्रेचा आहे. सहा तास ओल्या साडीत उभं राहून, चिरा पडलेल्या हातांनी, उपाशीपोटी पंप भरणाऱ्या बाईचा हिशोब त्या रंगात दिसत नाही. म्हणून निळा पाहून ‘हे हलकं आहे’ म्हणायचं नाही. हिरवा पाहूनही नाही.

आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो लोकांना दवाखान्यात भरती करावं लागलं. तेव्हा बातम्या सगळ्यांनी वाचल्या. मास्क, हातमोजे यांवर भाषणं झाली. आपण काय बोलतो, यावर कोणी फारसं बोललं नाही. आपण अजूनही म्हणतो, “कपाशीवर औषध मारलं.” “सोयाबीनले दोन औषधं झाले.” कोणी जिवाचं बरंवाईट करून घेतलं तरी म्हणतो, “औषध पेला.” कंपनी डब्यावर ‘डेंजर’ लिहिते आणि आपण त्याला औषध म्हणून घरात घेतो, खुंटीला टांगतो, कधी धान्याच्या कोठीमागे ठेवतो. इंग्रजी कळत नाही ही अडचण अर्धीच आहे. उरलेली अर्धी आपल्याच जिभेवर आहे.

आता डब्यावरच्या ‘डेंजर’ची सवय झाली की दुसरा घोटाळा होतो. गावातल्या डीपीवर, विजेच्या मोठ्या खांबावर लाल पाटी असते, कवटी असते आणि ‘डेंजर’ असतं. खाली मराठीत ‘धोका’. इथे मात्र ‘डेंजर’च्या वर काही नाही. हात लागला की माणूस गेला. म्हणजे तोच शब्द डब्यावर तिसरा आणि खांबावर पहिला. तसंच ‘कॉशन’चं. डब्यावर हिरव्या रंगासोबत तो सगळ्यात सौम्य. पण गोळ्यांच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत ‘कॉशन’ लिहिलेलं असतं, तिथे त्याचा अर्थ होतो की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे विकायचं नाही. तो सौम्य नाही, तो कायद्याचा शब्द आहे. काही पाकिटांवर एका कडेला उभी लाल रेघ असते. २०१६ पासून सरकारनं त्या रेघेचा प्रचार केला तो अँटिबायोटिकसाठी: लाल रेघ दिसली की डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही आणि सुरू केलं तर सांगितलेले दिवस पुरे करायचे. शेजारणीला ताप आला म्हणून आपल्या उरलेल्या दोन गोळ्या देणं, हे आपल्याकडे मायेचं काम समजतात. त्यात माया असते, खरं आहे. पण ती रेघ नेमकी त्याच मायेला अडवायला आहे.

हेच ‘कॉशन’ मुलाच्या कॉलेजात गेलं की पैशाचं होतं. ‘कॉशन मनी’ म्हणजे अनामत रक्कम. शिक्षण संपल्यावर, काही तोडफोड केली नसेल तर, ती परत मिळायची असते. पावती जपून ठेवा आणि मागा. आमच्यातल्या दोघींनी ती कधी मागितलीच नाही, फी समजून सोडून दिली.

आणखी एक फसवा शब्द आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रॉकेलच्या, थिनरच्या डब्यावर, तेलाच्या टँकरमागे ‘इनफ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. इंग्रजीत पुष्कळ शब्दांना पुढे ‘इन’ लावलं की उलटा अर्थ होतो, म्हणून दहावी झालेली मुलं सांगतात, “हे पेट घेत नाही.” उलट आहे. ‘फ्लेमेबल’ आणि ‘इनफ्लेमेबल’ दोन्हींचा अर्थ एकच, पटकन पेट घेणारं. इंग्रजांनाही हा गोंधळ कळला आणि आता बऱ्याच ठिकाणी ते नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहितात. आपल्याकडे जुना शब्द अजून फिरतोय.

गॅसच्या टाकीवर तर शब्दही नाही, वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि एक आकडा असतो, ‘ए-२८’ असं काही. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आकडा सालाचा. त्या मुदतीत टाकीची पुन्हा तपासणी व्हायला हवी असते. मुदत उलटलेली टाकी आली तर घेऊ नका, बदलून मागा. गॅसचा वास आला तर १९०६ या नंबरवर फोन लागतो. हे आत्ताच लिहून घ्या, आम्ही थांबतो.

घेतलं? आता ‘केअर’.

आपल्याकडे एकच शब्द आहे, काळजी. आपण वऱ्हाडात म्हणतो ‘कायजी’. पण त्याच्यामागे कोणतं क्रियापद लावलं यावर सगळं उलटतं. ‘काळजी वाटते’ म्हणजे जीव टांगणीला लागतो. ‘काळजी करू नको’ म्हणजे चिंता सोड. ‘काळजी घे’ म्हणजे स्वतःला सांभाळ. ‘काळजी करणं’ मनातलं काम आहे, ‘काळजी घेणं’ हातांचं. आणि आपल्या घरांतून काय चालतं? बाई काळजी करते, सगळ्यांची. वावरात गेलेल्याची, पुण्याला कंपनीत लागलेल्याची, गाभण म्हशीची. स्वतःची काळजी घ्यायला तिला कोणी सांगितलं तर ती हसते. त्या ताईंनी नवऱ्याच्या तोंडाला दुपट्टा बांधून दिला होता आणि स्वतः तशाच उभ्या होत्या. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाल्या, “फवारून त थे रायले होते, मी कुठं फवारत होती?”

इंग्रजीतल्या ‘केअर’चा जुना अर्थही दुःख आणि चिंता असाच होता. पुढे त्यातून जपणूक, देखभाल असा अर्थ वाढत गेला. आता ‘टेक केअर’ म्हणजे ‘जपून राहा’; निरोप घेताना म्हणतात, आपल्या ‘सांभाळून जाजो’सारखं. ‘टेक केअर ऑफ’ म्हणजे दुसऱ्याला सांभाळणं. ‘आय डोन्ट केअर’ म्हणजे मला पर्वा नाही. हे वाक्य आता आपल्या घरातही ऐकू येतं, मोबाइलवरून शिकलेलं. ‘हँडल विथ केअर’ हे टीव्हीच्या खोक्यावर, काचेच्या सामानावर असतं, ‘जपून उचला’. एका बैठकीत एक ताई म्हणाल्या, हे सुनेच्या पाठीवर चिकटवायला पाहिजे. सगळ्या हसल्या. सून तिथेच बसली होती, तीही हसली, पण जरा उशिरा.

‘केअर ऑफ’ मात्र वेगळा. आधार कार्डावर पत्त्यात सी, तिरपी रेघ आणि ओ असं दिसतं, पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. एका विधवा ताईंना गावातल्या कोणीतरी सांगितलं की ‘केअर ऑफ’ म्हणजे त्यांच्या ताब्यात. दिराचं नाव आहे म्हणजे जमिनीच्या कागदावरही दीरच सही करणार. त्या महिनाभर झोपल्या नाहीत. ‘केअर ऑफ’ म्हणजे द्वारा, मार्फत. पोस्टमननं कोणाच्या घरी द्यायचं, एवढंच. तो पत्त्याचा भाग आहे. त्यावरून मालकी ठरत नाही, वारसा ठरत नाही, कोणाची सहीही ठरत नाही. सातबारा वेगळा कागद आहे.

आणि सगळ्यात महाग पडलेला ‘केअर’ म्हणजे ‘कस्टमर केअर’. आमच्या एका सभासदाचे पैसे मोबाइलवरून पाठवताना अडकले. मुलानं इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ असं शोधलं, वर जो पहिला नंबर आला तो लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला, ताई-ताई म्हणाला. एक ॲप टाकायला लावलं, मग आलेला ओटीपी विचारला. बियाण्यासाठी ठेवलेले पैसे दहा मिनिटांत गेले. आता गंमत अशी की त्या ओटीपीच्या मेसेजमध्येच लिहिलेलं होतं, ‘डू नॉट शेअर’. मुलाला ‘शेअर’ म्हणजे व्हॉट्सॲपवर पुढे पाठवणं एवढंच माहीत होतं. त्यानं पुढे पाठवलं नाही, फक्त वाचून दाखवलं. म्हणजे त्याच्या समजुतीप्रमाणे त्यानं सूचना पाळली होती! ‘डू नॉट शेअर’ याचं आपल्या भाषेत भाषांतर एकच: कोणालाच सांगू नका, वाचून दाखवू नका, दाखवूही नका. नंबर हवा असेल तर पासबुकावरचा किंवा एटीएम कार्डामागचा घ्या. फसलोच तर १९३० ला लगेच फोन करा. ‘लगेच’ म्हणजे त्याच तासात. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जायच्या आत.

आता थोडं लांब जाऊ. आमच्या एका सभासदाची भाची हंगेरी देशात डॉक्टरकीचं शिक्षण घेते, डेब्रेसेन नावाच्या शहरात. हंगेरी युरोपात आहे. तिथली भाषा आजूबाजूच्या देशांच्या भाषांशी नातं सांगत नाही, तिची लांबची बहीण फिनलंडमध्ये. सुट्टीत ती आली तेव्हा आम्ही तिला बैठकीला बोलावलं. म्हटलं, तिथे काळजीला काय म्हणतात?

ती म्हणाली, मावशी, पहिला शब्द मी शिकले तो ‘विद्याझ’. रस्त्यात गाडी आली की ओरडतात, ‘विद्याझ!’ म्हणजे बाजूला हो, जपून. निघताना मैत्रीण म्हणते, स्वतःला ‘विद्याझ’, म्हणजे काळजी घे. लेकरावर लक्ष ठेवायलाही तोच शब्द. आणि कवायतीत ताठ उभं करायलाही तोच. आम्ही सगळ्याच एकदम म्हणालो, “सावधान!” शाळेच्या मैदानावरचं ‘सावधान, विश्राम’ आणि मंगलाष्टकांतलं ‘सावधान’. ते ‘सावधान’ ऐकून समर्थ रामदास लग्नातून पळाले अशी कथा आपण ऐकलेली आहे. बाकी सगळे आपण ते ऐकून अक्षता टाकतो. इंग्रजीत धोक्याची हाक, निरोप आणि कवायत यांना तीन वेगळे शब्द लागतात. हंगेरीत एकानं भागतं.

दुसरा शब्द तिनं सांगितला ‘गोंद’. आम्हाला वाटलं डिंक. तर नाही, ‘गोंद’ म्हणजे चिंता, अडचण. आणि त्याच शब्दातून ‘गोंदोझ’ निघतो, म्हणजे आजाऱ्याची, म्हाताऱ्याची देखभाल करणं. हुबेहूब आपल्या काळजीसारखं, मुळाशी चिंता आणि फांदीवर सेवा. तिथल्या बालवाडीला ‘ओवोदा’ म्हणतात, त्याच्या मुळाशी ‘जपणं, राखणं’ असा अर्थ आहे. आपण अंगणावरून अंगणवाडी म्हणतो, ते राखण्यावरून म्हणतात.

मग म्हणी निघाल्या. इंग्रजीत म्हणतात, एकदा चावा बसला की माणूस दुप्पट बुजतो. आपण म्हणतो, दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. भाची म्हणाली, हंगेरीत म्हणतात, लापशीनं ज्याचं तोंड पोळलं तो दहीसुद्धा फुंकतो. सात समुद्रापलीकडे चुलीवरून उतरवलेलं तसंच, आणि दुधाची जातही तीच! इंग्रजीची म्हण चावऱ्या जनावराची, आपली आणि हंगेरीची मात्र स्वयंपाकघरातली. आम्हाला वाटतं या दोन म्हणी बायांनीच केल्या असणार. पुरावा नाही, पण वाटतं.

आणखी एक तिथली म्हण फार कामाची आहे. नंतर दचकण्यापेक्षा आधी भिऊन राहिलेलं बरं. इंग्रजीत हेच जरा सभ्यपणे सांगतात, पस्तावण्यापेक्षा सुरक्षित राहिलेलं बरं. आपल्याकडे भिणं म्हणजे कमीपणा. पंप पाठीवर घेतलेल्या मुलाला मास्क लाव म्हटलं की तो म्हणतो, “मी काय भेतो काय?” त्याला ही हंगेरीची म्हण सांगा. परक्या देशाची म्हणून कदाचित ऐकेल, घरच्या आईचं नाही ऐकत.

इथे एक तक्रार आमची सरकारी मराठीबद्दलही आहे. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना राजूर घाट लागतो. घाटाच्या रस्त्यांवर ‘अपघातप्रवण क्षेत्र’ अशा पाट्या असतात. एका आजींनी एसटीत विचारलं, हे कोणत्या गावाचं नाव आहे? ‘इथं गाड्या पडतात, हळू चालवा’ एवढं लिहिलं तर कोणाचं काय बिघडलं असतं? डब्यासोबतच्या घडीच्या कागदावर मराठी असते, पण ‘त्वचेशी संपर्क टाळावा’, ‘लक्षणे आढळल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा’ अशी. अक्षर मुंगीएवढं. ती मराठी वाचायला आम्हालाही दोनदा थांबावं लागतं, आणि आम्ही बीए आहोत.

म्हणून त्या गटात आम्ही बसून तो कागद आपल्या बोलीत लिहून काढला. अंगाले लागू देऊ नको. हातानं कालवू नको, लांब काडी घे. वाऱ्याच्या दिशेनं तोंड करू नको. नोझल तोंडानं फुंकू नको. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत टाकू नको, येगळे धुजो, आणि धुताना तूही हातमोजे घाल, कारण ते धुणारी तूच आहेस. रिकामा डबा पाण्याले, तेलाले वापरू नको. अंगावर सांडलं तर कपडे काढ, साबणानं भरपूर धू. पोटात गेलं तर घरच्या घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नको. १०८ ला फोन कर आणि डब्बा संगं ने. डब्यावर आणि त्या कागदावर विषाचा नाव-प्रकार आणि त्याच्यावरचा उतारा लिहिलेला असतो, डॉक्टरला तोच पाहिजे असतो.

‘औषध’ शब्दाचं काय करायचं यावर मात्र वाद झाला. एक म्हणाली ‘फवारा’ म्हणू. दुसरी म्हणाली, फवारा तर पाण्याचाही असतो. शेवटी ज्या ताई दवाखान्यात जाऊन आल्या होत्या त्या बोलल्या, “जहर म्हना न सरकं.” तेव्हापासून त्या गटातल्या बाया ‘जहर’ म्हणतात. “आज जहर कालवाचं हाय, सैपाक सकायीच उरकतो.” पहिले आठ-पंधरा दिवस पुरुष मंडळी हसली. कृषी केंद्रात एक ताई गेल्या आणि म्हणाल्या, “अळीचं जहर द्या, अन् त्रिकोन दाखवा आंधी.” दुकानदारानं मान वर करून पाहिलं आणि डबा फिरवून दाखवला.

ताईंच्या नवऱ्यानं वावरातल्या झोपडीत एक लोखंडी पेटी आणून ठेवली आहे, कुलूपवाली. त्यावर मुलीनं ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरांत ‘जहर’ लिहिलं आणि खाली शाळेतल्या चित्रकलेच्या हौसेनं कवटी काढली. कवटी जरा हसरी झाली आहे. बीपीच्या गोळ्या घरी देवळीत असतात, त्या पेटीवर तिनं लिहिलंय, ‘आईचं औषध’.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला एक डबा, एक पाकीट किंवा मोबाइलमधला एक मेसेज घेऊन या, ज्यावरचा शब्द कळत नाही. जहराचा रिकामा डबा मात्र आणू नका. त्यावरच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून आणा.